तपासणीपुरता रोलर

त्या बेटावरचं कुठलंच घर पाहुण्यांनी खऱ्या रूपात कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या किनाऱ्यावरून बोटीनं कुणी यायचं ठरलं, मग ती सोयरीक जुळवायला येणारी माणसं असोत, शाळा तपासायला येणारे साहेब असोत की कुणाचा बढती मिळालेला जावई असो, आदल्या दिवशी अख्खी आळी त्या एका घरात आपलं सामान आणून ओतायची. डॉक्टरांकडच्या वेताच्या खुर्च्या, दुकानदारिणीचे सोनेरी काठाचे कप, पोस्टमास्तरांचा गालिचा. लोलकाचं एक मोठं घड्याळ होतं, ते तर बेटावरच्या प्रत्येक मुलीच्या माहेरच्या भिंतीवर लागून आलेलं. पुढं पलीकडच्या बाजारात या बेटाचे दोन जावई भेटले की सासुरवाडीच्या घड्याळाचा विषय निघायचा, आणि दोघांच्याही सासऱ्यांचं घड्याळ सव्वातीनलाच बंद पडलेलं असायचं.

बोट सुटली की सामान आपापल्या घरी. मागावं लागत नसे. कप फुटला तर ‘फुटला गं’ म्हणायचं आणि समोरचीनं ‘जाऊ दे, जुनाच होता’ म्हणायचं. यात कुणी कुणाला फसवतंय असं कुणाच्या मनातही येत नसे. बेटाची अब्रू एकच होती, ती पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या घरी मुक्कामाला जायची एवढंच.

अक्काचं लग्न त्याच घड्याळाखाली ठरलं. धाकटीचंही. धाकटीच्या वेळी आई राहिली नव्हती, म्हणून खुर्च्या वाहून आणण्यापासून मुलीचे केस विंचरण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. धाकटी तेव्हा नवरीमुलीसारखी गप्प बसायची सोडून पाहुण्यांना म्हणाली होती, “घड्याळ बंद आहे, पण माणसं चालू आहेत आमच्याकडची.” सासूला ते आवडलं आणि लग्न ठरलं. धाकटीला कुठं काय बोलावं हे तेव्हापासूनच पटकन सुचायचं.

पुढं अक्काचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. त्यानं धक्क्याजवळची एक लांबट खोली मागं ठेवली होती, तिथं अक्कानं लाँड्री काढली. बेटावर हवा खायला माणसं येऊ लागली होती. ज्याच्या घरी जास्तीची खोली, त्यानं ती पाहुण्यांना द्यायची, असा धंदा वाढत होता. धाकटीनंही वरच्या आळीत चार खोल्या बांधल्या. खोल्या सगळ्यांच्या, चादरी मात्र अक्काच्या. बोटीतून माणसं उतरायच्या आत बेटावरच्या प्रत्येक पलंगावर अक्काच्या हातची चादर अंथरलेली असे.

आधी सगळं हातानं, खोलीतच बांधलेल्या पाण्याच्या मोठ्या टाकीवर. मग पै-पै साठवून एक मोठं धुण्याचं मशीन आलं, आणि त्यानंतर रोलर. एका बंद पडलेल्या हॉटेलातून तो अक्कानं घेतला होता. दोन जाड रूळ, एकावर एक. त्यांच्यामधून ओली चादर घातली की पलीकडून गरम, कोरडी, सपाट होऊन बाहेर यायची. तो बोटीतून उतरवला तेव्हा धक्क्यावर गर्दी जमली होती. पहिली चादर बाहेर आली तेव्हा सगळे जण तिला हात लावून बघून गेले, आणि त्या सगळ्या हातांमुळे ती पुन्हा धुवावी लागली.

रोलरवर एका माणसाचं काम नाही. एकीनं चादर घालायची, दुसरीनं पलीकडं धरायची. ही दुसरी म्हणजे शिडी. पावलाच्या बोटांवर उभं न राहता वरच्या दोरीवरचे चिमटे काढायची, म्हणून तिला शिडी म्हणत. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवायला वेळ लागत असेल. दोघी समोरासमोर उभ्या राहून इतकी वर्षं चादरी घडी करत आल्या होत्या की एकीच्या मनात आलं की दुसरीचे हात वळायचे.

“अक्का, जरा सैल धर. चादर आहे, चोर नाही.”

“तू उंच, तुला काय. माझे खांदे निखळतात.”

“मग खांदे घडी करून ठेवू का कपाटात?”

असं दिवसभर चालायचं.

मग साथ आली आणि बोटी थांबल्या. सुरुवातीला लोक म्हणाले, बरंच झालं, रोग पाण्यावरून चालत येत नाही. रोग आला नाही, पण दुसरं काहीच आलं नाही. दोऱ्या रिकाम्या. धुतलेल्या चादरी कपाटात पिवळ्या पडल्या. अक्का रोज सकाळी लाँड्री उघडायची, रोलरवरची धूळ पुसायची, त्याला थोडा वेळ हातानं नुसताच फिरवायची आणि पुन्हा बंद करायची. फिरता राहिला पाहिजे, नाहीतर जाम होतो. साथ ओसरली, बोटी सुरू झाल्या, तरी हात रिकामेच. मशीनच्या ड्रमला गंज चढलेला, वीज तोडलेली, साबण आणायलाही कनवटीला काही नाही. लाँड्री पुन्हा सुरू होणार की नाही, एवढा एकच प्रश्न अक्काच्या डोळ्यांपुढं होता. बाकी आयुष्यातले सगळे प्रश्न सुटले होते किंवा सुटायचे राहून गेले होते.

तेवढ्यात अनुदानाची बातमी आली. साथीनं बसलेली बेटं पुन्हा उभी करायची होती. ज्याचा धंदा आधी चालू होता आणि ज्याच्याकडं तो पुन्हा चालवायची साधनं आहेत, त्याला दुरुस्तीला, नव्या सामानाला आणि वर्षभर कामगारांच्या पगाराला पैसे मिळणार होते. पलीकडून माणसं येऊन सगळं डोळ्यांनी बघणार होती. निवडीसाठी पुन्हा दुसरी फेरी नाही. अक्कानंही लाँड्रीसाठी अर्ज टाकला.

आता बघायला माणसं येणार म्हटल्यावर बेटानं काय केलं असेल, ते सांगायला नको. जाळीवाल्यानं तिघांची जाळी आपल्या अंगणात टांगली. सुताराच्या शेडमध्ये अर्ध्या बेटाची हत्यारं गेली. वरची आळी पहिल्या दिवशी आणि धक्क्याकडची दुसऱ्या दिवशी, असं ठरलेलं. त्यामुळे सामानाला वर जाऊन खाली यायला भरपूर सवड होती.

धाकटी आदल्या दिवशी आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, खोली न्याहाळली.

“अक्का, रोलर दे ना उद्यापुरता. आणि मशीनही.”

“खोल्यांच्या धंद्याला रोलर कशाला?”

“स्वतःची लाँड्री आहे म्हटलं की वजन पडतं गं. नुसत्या चार पलंगांना कोण विचारतंय? संध्याकाळी पोरं परत आणून देतील. परवा तुझी पाळी, तोवर जागच्या जागी.”

“जड आहे तो. पोरांच्या पायावर पडेल.”

“पडला तर पडला. डॉक्टर वरच्याच आळीत आहेत.”

अक्का हसली. भाचे हातगाडी घेऊन आले. शिडीनं रोलरला जुन्या चादरी गुंडाळल्या, चढावर मागून रेटत वर नेला. नाही म्हणावं असं अक्काच्या मनात आलंसुद्धा नाही. जिच्या लग्नासाठी आळीभरचं सामान वाहिलं तिला रोलर नाही म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. तपासणीला आलेल्या बाई आणि त्यांच्याबरोबरचा कॅमेरावाला यांना बोटवाल्यानं निरोप दिला, आजच निघा, उद्या बोट लागेलच असं नाही. मग बाईंनी ठरवलं की जाता जाता धक्क्याकडचंही बघून टाकू. धाकटी यजमानीण, ती त्यांना सोडायला बरोबर होती.

अक्का लाँड्रीचं दार पुसत होती. सगळी माणसं एकदम पायरीवर. बाई मऊ बोलणाऱ्या होत्या, दमलेल्या होत्या. आत डोकावल्या. लांबट खोली, टाकी, दोऱ्या, आणि फरशीवर जिथं मशीन आणि रोलर होते तिथं दोन स्वच्छ चौकोन.

“इथं लाँड्री होती म्हणता. यंत्रं कुठं आहेत?”

अक्कानं धाकटीकडं पाहिलं. खरं बोलावं तर धाकटी तिथल्या तिथं खोटी पडणार. काहीतरी बोलायला धाकटीलाच पटकन सुचेल, सुचायलाच हवं, असं वाटून ती थांबली. आणि धाकटीला सुचलं.

“माझी थोरली बहीण आहे ही,” धाकटी म्हणाली. “करायची आधी. आता वय झालं, झेपत नाही. खोली झाडूनपुसून ठेवते, तेवढाच जीव रमतो. माझ्याकडंच येते हो मदतीला.”

बाईंनी अक्काकडं मायेनं पाहिलं. म्हाताऱ्या माणसाकडं बघतात तसं. कॅमेरावाल्यानं रिकाम्या खोलीचा एक फोटो काढला. वारा वाढत होता. सगळे घाईनं धक्क्याकडं गेले.

अक्का दारात उभी राहिली. हातात ओलं फडकं होतं, त्याचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, पण मारणारीचा हात तिनंच लहानपणी धरून चालायला शिकवला होता, त्यामुळे नेमकं काय झालं हे कळायला वेळ लागला.

बोट गेल्यावर धाकटी धापा टाकत परत आली. “अगं, जीभ घसरली माझी. तोंडाला आलं ते बोलले. तू रागावली नाहीस ना? आधी माझं येऊ दे, मग दोघींचं एकत्र बघू. माझं ते तुझंच की.”

“रोलर कधी आणतेस?”

“उद्या.”

उद्या वारा होता. परवा पोरांना वेळ नव्हता. मग पैसे मंजूर झाले, आणि मशीनवर नि रोलरवर अनुदानाच्या खात्यातून आलेल्या माणसानं क्रमांकाचे निळे पत्रे ठोकले. “पुढच्या तपासणीपर्यंत हलवता येत नाही गं,” धाकटी म्हणाली, “नाहीतर दिलेलं परत घेतात.” धाकटीच्या मागच्या अंगणात पत्र्याची नवी शेड उभी राहिली, मशीनचा गंज निघाला, वीज आली. बेटावरच्या बाकी खोल्यांच्या चादरीही हळूहळू तिथंच जायला लागल्या. जाणार तरी कुठं?

शिडी एकदा दारात येऊन उभी राहिली. उंच माणूस खाली बघून बोलायला लागलं की फारच वाकलेलं दिसतं.

“अक्का, मला बोलावलंय वर. रोजानं.”

“मग जा.”

“तू म्हणशील तर नाही जात.”

“मी म्हणून तुझी चूल पेटेल का? जा.”

शिडी गेली. पलीकडून धरायला ती होती, पण चादर घालणारी दुसरी कुणी तिथं नव्हती, म्हणून धाकटी अक्कालाही बोलवायची. “नुसती ये गं, गप्पा मारायला.” अक्का जायची. बहीण बोलावते म्हणून जायची, आणि खरं सांगायचं तर रोलरसाठी जायची. गेलं की हात स्वस्थ राहत नसत. चार चादरी घालायची, दुपारी तिथंच जेवायची, संध्याकाळी उतरायची. पैशाचा विषय तिनं काढला नाही. बहिणीच्या घरी हात लावल्याचे पैसे घेतात का कुणी?

वर्ष सरता सरता त्याच बाई पुन्हा तपासणीला आल्या. शेडमध्ये गर्दी झाली. धाकटीचा नवरा नवा शर्ट घालून उभा होता, दुकानदार आला होता, सुतार, जाळीवाला. अक्का रोलरपाशी होती आणि शिडी पलीकडं. बाईंनी तिला ओळखलं, याचा अक्काला आधी आनंदच झाला.

“कशा आहात आजी? तब्येत बरी दिसते. पगार वेळेवर मिळतो ना?”

“कुठला पगार?” अक्का म्हणाली.

“तुमचा. तुमच्या बहिणीनं अर्ज केला तेव्हाच तुमचं नाव घातलंय ना इथल्या कामगारांत. त्याचे पैसे आम्ही दरमहा देतो.”

अर्ज केला तेव्हाच. म्हणजे बाई पहिल्यांदा यायच्याही आधी. रोलर मागायला धाकटी ओट्यावर येऊन बसली, पाणी प्यायली, त्याच्याही आधी. जीभ घसरली नव्हती, वारा नव्हता, बोटीची घाई नव्हती. धाकटीनं निवांत बसून अक्काची लाँड्री बंद केली होती आणि अक्काला नोकरीला ठेवलं होतं, आणि मग ती हातगाडी पाठवायला आली होती.

रोलरमधली चादर पुढं सरकत होती. अक्कानं बटण बंद केलं. रूळ थांबले.

“मी इथं कामाला नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा लहान निघाला. “हा रोलर माझा आहे. मशीनही माझं. मागच्या वेळी तपासणीपुरतं दिलं होतं.”

बाईंनी धाकटीकडं पाहिलं.

धाकटी हसली. पुढं येऊन तिनं अक्काच्या खांद्याभोवती हात टाकला. “रुसलीय माझी अक्का,” ती म्हणाली. “काल जरा बोलले मी, साबण जास्त टाकू नकोस म्हणून. लहानपणापासून अशीच. एकदा रुसली की घरदार माझंच म्हणते. आणि खोटं काय त्यात? तिचंच आहे सगळं.”

धाकटीचा नवरा हसला. दुकानदार हसला. कॅमेरावालाही हसला.

“घरची माणसं कामाला असली की हे चालायचंच,” बाई म्हणाल्या. त्यांच्याही घरी कुणी थोरली असावी.

अक्कानं एकेकाकडं पाहिलं. रोलर कुणाचा हे तिथं बाई आणि कॅमेरावाला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तो बोटीतून उतरताना याच लोकांनी धक्क्यावर उभं राहून पाहिला होता. पण जाळीवाल्याच्या अंगणातली जाळी तिघांची होती, आणि सुताराच्या शेडमधली हत्यारं अर्ध्या बेटाची. एकानं तोंड उघडलं असतं तर सगळ्यांचंच बिंग फुटलं असतं. सुतार छपराचे वासे बघत होता, जणू पत्र्याचं काम त्याला आजच दिसलं. शिडीनं चादरीचं टोक दोन्ही हातांत धरलं होतं. तिचे ओठ हलले. मग तिनं मान खाली घातली आणि टोकाची सुरकुती अंगठ्यानं सपाट करत राहिली.

धाकटीचं कपट एक वेळ अक्कानं पचवलं असतं. तिचं खरं बोलणं सगळ्यांनी मिळून हसण्यावारी नेलं, ते तिला पचलं नाही. खांद्यावरचा हात तिनं हळूच काढला आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली. मागून धाकटीचा आवाज आला, “येईल संध्याकाळी. भूक लागली की येते.”

संध्याकाळी आली ती धाकटीच. झाकलेलं ताट घेऊन. अक्का लाँड्रीच्या खोलीत जुन्या स्टुलावर बसली होती.

“जेवून घे. सकाळपासून काही खाल्लं नसशील.”

अक्कानं ताटाला हात लावला नाही.

“शिव्या तरी घाल.”

अक्का ताटाकडं बघत होती.

“मला काय हौस होती का?” धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. आता तिचा आवाज खरा होता. “तीन पोरं आहेत माझी. बोटी बंद होत्या तेव्हा थोरला पलीकडं जातो म्हणून बसला होता, गेला असता तर परत आला असता का? बेटावर एकच लाँड्री चालणार. दोघींची मंजूर झाली असती तर दोघींना अर्धं-अर्धं, आणि अर्ध्यात कुणाचंच उभं राहिलं नसतं. तुझ्यामागं कोण आहे? तुझ्यानंतर हे सगळं पोरांचंच होणार होतं ना? मग चार वर्षं आधी झालं, एवढंच.”

“मला विचारलं असतंस तर?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“नसते म्हणाले.”

धाकटीला पटकन काही सुचलं नाही, असं अक्कानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

“तुला माहीत होतं मी नाही म्हणणार नाही,” अक्का म्हणाली. “विचारलं असतंस तर माझे उपकार झाले असते. ते तुला नको होते.”

“फार विचार करतेस तू.”

“वेळ आहे मला. वय झालंय, झेपत नाही.”

धाकटीनं हातानं गुडघे झटकले. मग, ताटावरचं झाकण नीट करता करता, ज्यासाठी आली होती ते बोलली. “ही खोली नुसती पडून आहे. माझ्याकडं पाण्याचे हाल आहेत, तुझी टाकी एवढी मोठी. धुणं इथं, रोलर वर. तूही इथंच बसशील, तुझ्याच खोलीत. आता खरंच पगार देईन, हातात.”

“बघू,” अक्का म्हणाली.

धाकटीला ते पुरेसं वाटलं. लहानपणापासून अक्काचं ‘बघू’ म्हणजे ‘हो’च असे. ती जाताना दारात घोटाळली, अक्का ‘पायरी निसरडी आहे, जपून जा’ म्हणेल म्हणून. अक्का म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर अक्का धक्क्यावर इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडं गेली. बोटी वाढल्यापासून त्याला जागा पुरत नव्हती. खोली मिळेल का, असं त्यानं दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं लाँड्री सुरू होणार आहे म्हणून नकार दिला होता.

“भाड्यानं दे हवं तर,” मिस्त्री म्हणाला. “पण ती टाकी मध्येच येते. इंजिन आत घ्यायचं तर ती फोडावी लागेल. आणि फोडली की परत काही लाँड्री व्हायची नाही तिथं.”

“फोड,” अक्का म्हणाली.

तो घण घेऊन आला. अक्कानं दोऱ्या स्वतः सोडल्या, गुंडाळून पायरीवर ठेवल्या. चिमट्यांची टोपली बाहेर काढली. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. दुसऱ्याला टाकीच्या कडेला चीर गेली आणि तळाशी राहिलेलं पाणी फरशीवरून दाराकडं आलं, पायरीवरून खाली गेलं.

धाकटी पळतच आली. केस विस्कटलेले, पायात एकच चप्पल.

“अक्का, काय चालवलंयस हे? टाकी का फोडतेस? थांब रे तू, थांब जरा.”

मिस्त्री घण खाली टेकवून अक्काकडं बघू लागला. आजूबाजूच्या दारांत माणसं आली होती. जाळीवाला, दुकानदारीण. शिडी चढावावर उभी होती, खाली उतरत नव्हती.

“रुसलीस ना? रूस,” धाकटी म्हणाली, पण या वेळी कुणी हसलं नाही. “अगं, पण टाकीवर कशाला राग काढतेस? आपल्या घरचं आहे ते.”

“माझ्या घरचं आहे,” अक्का म्हणाली.

“मग माझं कुणीच नाही का तू?”

अक्कानं तिच्याकडं नीट पाहिलं. नाक आईचं होतं. वेणी घालताना डोकं हलवलं म्हणून किती वेळा त्या डोक्यावर कंगवा आपटला होता. आता त्या डोक्यात पांढरं होतं आणि ते दोघींच्याही डोक्यात सारखंच होतं.

“तू सगळ्यांदेखत सांगितलंस मी कोण ते,” ती म्हणाली. “कामाला असलेली बाई. ती बाई काम सोडून गेली. दुसरी बघ.”

मग ती मिस्त्रीकडं वळली. त्यानं घण पुन्हा उचलला.